शेवटचं पोतं

मैत्रीण : नाही काका, त्याला नका हात लावू! बाकी टेबलावरचं सगळं घ्या. तो हिरवा बोर्ड आहे ना, बारका पंखा फिरतोय तो, तेवढा राहू द्या.

बाबा : बरं बाई, नाही लावत. धूळ बसली होती म्हणून पुसत होतो. केवढी ओरडलीस!

मैत्रीण : ओरडले नाही हो, दचकले. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलीय बघा तिने.

बाबा : चष्मा घरी राहिला. तूच वाच.

मैत्रीण : 'चालू आहे. हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे.'

बाबा : तिचंच. घरी फ्रीजवर पण असल्याच धमक्या लावून जायची. तू ती टकळी का गं?

मैत्रीण : अं?

बाबा : फोनवर सांगायची ना. माझ्या शेजारी एक टकळी बसते, तिच्या तोंडाला कुलूपच नाही.

मैत्रीण : असं सांगायची? थांबा, येऊ दे तिला, बघतेच मी... काका. काका, चुकून गेलं हो तोंडातून.

बाबा : असू दे. चालायचंच. तिची आई अजून रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवते. म्हणते, बंड्याला अंधारात बटण सापडत नाही.

मैत्रीण : बंड्या? तिला तुम्ही बंड्या म्हणायचात?

बाबा : लहानपणी फार मस्ती करायची. तेच चिकटलं. का, इथे सांगितलं नव्हतं?

मैत्रीण : एवढी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, आणि हे लपवून ठेवलं माझ्यापासून! काकू नाही आल्या?

बाबा : नाही म्हणाली. रिकामी खुर्ची बघवणार नाही म्हणाली. मला तरी कुठे बघवतेय? पण साहेबांचा फोन आला, टेबल मोकळं करायचंय म्हणून. कुणीतरी यायला पाहिजेच होतं.

मैत्रीण : या खोक्यात मी थोडं भरलंय. टेबलाखालच्या चपला आहेत. हा स्वेटर, एसीत फार गारठायची. हा मग, याचा कान मी तोडलाय, त्यावरून आठवडाभर बोलली नव्हती. आणि हा एक ब्रश.

बाबा : बघू इकडे. अगं, हा माझा ब्रश! दोन इंची. सगळं घर उलथंपालथं केलं होतं मी याच्यापायी. तिच्या आईवर आळ घेतला, तूच फेकलास म्हणून. चांगलं भांडण झालं आमचं!

मैत्रीण : ती बोर्डावरची धूळ झटकायची त्याने. आम्हाला हात लावू द्यायची नाही. बाबांचा आहे, याचे केस गळत नाहीत म्हणायची.

बाबा : न विचारता उचलला कार्टीने. विचारलं असतं तर मी दिला नसता, हे माहीत होतं ना तिला. आता देऊन काय उपयोग.

मैत्रीण : बसा ना काका. या खुर्चीत नको तर माझ्या खुर्चीत बसा.

बाबा : याच खुर्चीत बसतो. तिचीच आहे ना? मग झालं. एक विचारू? हसायचं नाही. ती इथे करायची काय नेमकं? घरी सांगायची, ड्रायव्हर लिहिते. मी चार लोकांत सांगितलं, पोरगी ड्रायव्हरचं काम करते. लोक विचारतात, बसवर का ट्रकवर?

मैत्रीण : मग?

बाबा : मी म्हटलं, मोठ्या गाड्यांवर. आता काय सांगणार!

मैत्रीण : बरोबरच सांगितलंत. असं बघा. हे यंत्र आहे ना, त्यात एक मुख्य डोकं असतं. फार हुशार. पण त्याला जर इथलं सामान उचलून तिकडे ठेव, असली हमाली करायला लावली, तर बाकीची कामं खोळंबतात. म्हणून शेजारी एक हमाल ठेवलेला असतो. त्याला आम्ही डीएमए म्हणतो. डोक्याने नुसतं सांगायचं, ही पोती इथून उचल, त्या जागेत टाक, आणि आपल्या कामाला लागायचं. सगळं वाहून झालं की हमाल घंटा वाजवतो.

बाबा : पोती कसली?

मैत्रीण : आकडे, अक्षरं, जे काय असेल ते. आणि या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. मधे एक मुकादम लागतो. तो ड्रायव्हर.

बाबा : म्हणजे मुकादम लिहायची ती.

मैत्रीण : लिहायची, आणि मुख्य म्हणजे त्याला पारखायची. तो मुकादम सिस्टीमच्या अगदी गाभ्यात बसलेला असतो. तो चुकला तर पोती भलत्याच्या जागेत पडतात. मग भलताच कार्यक्रम कोसळतो, आणि कुणी टाकली तेच कळत नाही. म्हणून घासून पुसून टेस्ट करावी लागते. तिच्याइतकी चिवट टेस्ट इथे कुणी केली नाही. आम्ही वैतागायचो अक्षरशः.

बाबा : पारखायची कशी?

मैत्रीण : जिथे पोती पडणार, त्या जागेत आधी मुद्दाम काहीतरी दुसरंच लिहून ठेवायचं. मग हमालाला सांगायचं, ने. घंटा वाजली की जाऊन बघायचं, आधीचं कुठे शिल्लक राहिलंय का. राहिलं असेल तर तिथे त्याने टाकलंच नाही. आणि कडेला थोडी जागा सोडायची, तिथे सांडलंय का ते बघायचं.

बाबा : अगं, हे मी शिकवलंय तिला!

मैत्रीण : तुम्ही?

बाबा : रंगारी आहे मी. शाळेला सुट्टी लागली की यायची माझ्याबरोबर कामावर. पांढऱ्यावर पांढरा मारायचा असला ना, की सुटलेलं दिसत नाही. म्हणून पहिल्या हातात चिमूटभर निळा टाकायचा. वर दुसरा हात पांढरा मारला की सुटलेली जागा लगेच डोळ्यात भरते. आणि कडेला कागदी टेप. टेपच्या पलीकडे ठिपका दिसला तर मजुरी कशी मागणार?

मैत्रीण : निळा! अगं बाई. 'निळा टाकलास का?' सारखं विचारायची आम्हाला. कुणी टेस्ट लिहिली की पहिला प्रश्न, निळा टाकलास का? आम्हाला वाटायचं, कुठल्या पुस्तकातलं आहे. सगळी टीम तेच बोलायला लागली हो काका. परवा साहेब पण मीटिंगमध्ये म्हणाले, यात निळा टाकलाय का?

बाबा : साहेब पण?

मैत्रीण : साहेब पण.

बाबा : मला कधी बोलली नाही. मला वाटायचं, आपल्या कामाची लाज वाटत असेल तिला. एवढी शिकली, एवढ्या मोठ्या काचेच्या ऑफिसात बसते. चार माणसांत बाप रंगारी सांगायला जड जात असेल.

मैत्रीण : लाज? काका, त्या ब्रशची पूर्ण कहाणी आम्हाला पाठ आहे. तुम्ही तो कसा धुता, धुऊन कागदात कसा गुंडाळून ठेवता, सगळं.

बाबा : बरं. असो. हा पंखा मग कशाला फिरतोय अजून? ती नाही, तर हा बोर्ड कुणासाठी चालू?

मैत्रीण : ते सांगायचं म्हणजे... तिला एक चूक सापडली होती. हा बोर्ड दवाखान्यातल्या यंत्रात बसणार आहे. पेशंटच्या उशाशी असतं ना, ठोक्यांची रेघ दाखवतं, ते यंत्र. तर आमचा हमाल कधीकधी घंटा आधीच वाजवतो. शेवटचं पोतं अजून खांद्यावर, आणि हा घंटा वाजवून मोकळा. डोक्याला वाटतं, आलं सगळं. ते जाऊन बघतं, तर शेवटच्या जागेत मघाचंच जुनं पडलेलं.

बाबा : म्हणजे रेघेचा शेवटचा तुकडा जुना.

मैत्रीण : हो. आणि पेशंटच्या रेघेचा शेवटचा तुकडाच तर ताजा पाहिजे.

बाबा : मग? दुरुस्त केलं?

मैत्रीण : साहेबांना पटतच नव्हतं. ऑफिसची जुनी टेस्ट होती, ती पास व्हायची. ते म्हणायचे, तुझीच टेस्ट चुकतेय. तिने शोधून काढलं, जुनी टेस्ट जागा एकदाच रंगवते. पहिल्या फेरीनंतर तिथे बरोबर उत्तरच पडलेलं असतं. पुढच्या फेरीत हमालाने पोतं टाकलं काय, न टाकलं काय, दिसणार सारखंच.

बाबा : निळ्याशिवाय पांढऱ्यावर पांढरा. आणि म्हणायचं, काही सुटलं नाही!

मैत्रीण : अगदी! मग तिने मुकादमाला शिकवलं, घंटा वाजली तरी लगेच विश्वास ठेवू नको, शेवटचं पोतं खाली पडलंय का ते आधी जाऊन चाचप. एवढी दुरुस्ती केली, टेस्ट चालू केली, चिठ्ठी चिकटवली. मला म्हणाली, आता ही चालू दे, चूक लागली तर आपोआप थांबेल, सकाळी बघू. पर्स उचलली, हेल्मेट घेतलं आणि गेली.

बाबा : त्याच संध्याकाळी?

मैत्रीण : त्याच संध्याकाळी.

बाबा : आणि तू बघितलं नाहीस अजून?

मैत्रीण : नाही. स्क्रीन बंद ठेवलीय. रोज येते, पंखा फिरतोय बघते, माझ्या जागेवर बसते. भीती वाटते हो. चूक लागली असेल तर? ती असती तर म्हणाली असती, हात्तिच्या, आणि परत बसली असती शोधायला. आता कोण बसणार? साहेब म्हणतील, बघा, टेस्टच चुकीची होती. ती चुकली, एवढंच राहील मागे. म्हणून नाही बघितलं. तुम्ही म्हणाल, काय घाबरट पोरगी आहे.

बाबा : नाही म्हणत. मी तिच्या खोलीचं दार उघडलेलं नाही अजून.

साहेब : येऊ का? आपण... आपण तिचे वडील ना? नमस्कार. मीच फोन केला होता. बसा, बसा, उठू नका. पाणी वगैरे दिलं का कुणी?

बाबा : दिलं. नमस्कार साहेब.

साहेब : काय बोलावं, कळत नाही खरं म्हणजे. फार... म्हणजे फारच... ऑफिसचं फार मोठं नुकसान झालं. नाही, नुकसान म्हणजे तसं नव्हे. माफ करा, मला बोलता येत नाही या बाबतीत.

बाबा : मला तरी कुठे येतंय.

साहेब : अं, आणि तो बोर्ड जरा पाहिजे होता. दुसरी टीम थांबलीय. ड्रायव्हर आज पुढे पाठवायचाय.

मैत्रीण : कुठला ड्रायव्हर साहेब? तिचा, का जुना?

साहेब : जुनाच. तो टेस्टेड आहे.

मैत्रीण : टेस्टेड आहे? निळा न टाकता?

साहेब : हे बघ, मला चिडवू नकोस. तिच्या दुरुस्तीला आधार काय माझ्याकडे? ती त्या दिवशी माझ्याशी भांडली. मी म्हटलं, लांबवर चालवून दाखव, एकदाही चूक आली नाही तर घेतो. दाखवायला ती... तूही काही दाखवलं नाहीस. मी पण तुला विचारलं नाही. विचारवलं नाही.

बाबा : साहेब, चालूच आहे ते अजून.

साहेब : काय चालू आहे?

बाबा : तिची टेस्ट. तिने लावली तेव्हापासून. लाव गं स्क्रीन.

मैत्रीण : काका, नको ना. आत्ता नको. तुमच्यासमोर तर नकोच.

बाबा : माझ्यासमोरच लाव. खोटं पडायचं असेल तर बापासमोर पडू दे तिला. मी आहे ना घ्यायला सांभाळून. लाव.

मैत्रीण : लावते. साहेब, तुम्ही वाचा. माझ्या डोळ्यांना काही दिसत नाहीये.

साहेब : बाजूला हो जरा. हं. चालू आहे. चूक... शून्य. थांब, खाली-वर करून बघतो. शून्यच. कडेला सांडलेलं... काही नाही. इतके दिवस सलग! एकदाही नाही. अरे, एकदाही नाही!

मैत्रीण : नीट बघा साहेब.

साहेब : नीटच बघतोय. तिचं बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. आणि हे खाली काय... ही खालची पट्टी...

बाबा : काय झालं? काय आहे खाली?

साहेब : काही नाही. म्हणजे... तिचाच ड्रायव्हर जाईल. आजच. मी स्वतः सही करतो, तिचं नाव घालून. बोर्डाची घाई नाही. तुम्ही बसा हवं तितका वेळ. दुसरी टीम थांबेल. थांबवतो मी त्यांना. येतो.

बाबा : हा माणूस मघाशी मोजून मापून बोलत होता, आणि आता डोळे पुसत गेला. काय लिहिलंय गं तिथे?

मैत्रीण : काही नाही काका. त्या जागेत सध्या काय पडलंय, त्याची पट्टी दिसते खाली. टेस्टमध्ये भरायला काहीतरी अक्षरं लागतातच. कुणी काहीही भरतं. चटकन ओळखू आलं म्हणजे झालं. मी 'भूक लागली' भरते.

बाबा : तिने काय भरलंय?

मैत्रीण : आधी 'कंटाळा' भरायची. नुसतं कंटाळा कंटाळा कंटाळा.

बाबा : मी आत्ताचं विचारतोय.

मैत्रीण : चष्मा असता तर बरं झालं असतं. मला नाही वाचवत.

बाबा : टकळी ना तू? मग बोल.

मैत्रीण : इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, पण आहे मराठीच. 'पोचले बाबा.' पोचले बाबा, पोचले बाबा, पोचले बाबा. पूर्ण पट्टीभर तेवढंच आहे.

बाबा : ...आणि खाली? आधीचा हात? निळ्याच्या जागी काय टाकलंय?

मैत्रीण : 'पोचलीस का.'

बाबा : काय?

मैत्रीण : 'पोचलीस का.' दर फेरीला आधी जागा भरून 'पोचलीस का' लिहिलं जातं. मग त्याच्यावर 'पोचले बाबा' येऊन पडतं. एखादं 'पोचलीस का' तसंच राहिलं, तर ती चूक. टेस्ट तिथे थांबते. काका? काका, पाणी आणू?

बाबा : नको. पाणी नको. इथेच बस.

मैत्रीण : बसलेय.

बाबा : मी रोज विचारायचो. शाळेत जायची तेव्हापासून. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी विचारायचो. नोकरी लागली, वेगळी राहायला लागली, सुट्टीलाच घरी यायची, तरी संध्याकाळी माझा फोन. पोचलीस का? ती म्हणणार, पोचले बाबा. ठेवला फोन. दुसरं काही बोलायला मला येतंय कुठे? मग एक दिवस चिडली. चार लोकांत फोन वाजला वाटतं. म्हणाली, बाबा, मी काय पहिलीत आहे का? रोज रोज काय तेच? लोक हसतात मला. मी म्हटलं, बरं. नाही विचारत. आणि खरंच नाही विचारलं पुन्हा.

मैत्रीण : माहीत आहे मला.

बाबा : तुला सांगितलं तिने?

मैत्रीण : एकदाच बोलली. डबा खाताना. म्हणाली, बाबा आता विचारतच नाहीत गं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मी म्हटलं, मग तूच सांग ना, विचारा म्हणून. तर म्हणाली, मीच तोडून बोलले, आता कुठल्या तोंडाने सांगू? त्याच्यानंतर कधीतरी टेस्टमधलं 'कंटाळा' गेलं आणि हे आलं. मी बघितलं, पण बोलले नाही. टकळी असले तरी काही ठिकाणी मला कळतं.

बाबा : मला वाटलं, सुटली बिचारी. मला वाटलं, बापाची कटकट गेली, आता मोकळी झाली. अगं, एका शब्दाने तरी बोलायचं होतं! मी वाटच बघत होतो. रोज संध्याकाळी फोन घेऊन बसायचो मूर्खासारखा. तिची आई म्हणायची, करा ना मग. मी म्हणायचो, नाही, तिला आवडत नाही.

मैत्रीण : दोघंही एकाच मातीचे.

बाबा : त्या संध्याकाळी पण घेतला होता हातात. वारा सुटला होता. मनात आलं, ही आता स्कूटरवर असेल. नंबर काढला. आणि ठेवून दिला. म्हटलं, परत ओरडेल. मग वाजला तो पोलिसांचाच.

मैत्रीण : तुम्ही फोन केला असता तरी ती उचलणार नव्हती काका. गाडी चालवताना ती कधीच उचलायची नाही. काही बदललं नसतं.

बाबा : कळतं गं मला. वेडा नाही मी. विचारून कुणी पोचत नसतं. पण तिला वाटलं असेल ना, की कुणी विचारणारं नाही. तेवढंच खातंय मला. माझ्या पोरीला असं वाटत होतं, आणि मी घरात बसून होतो, फोन हातात धरून.

मैत्रीण : रडा काका. इथे कुणी येत नाही.

बाबा : आणि हे बघ, हे यंत्र. कशाला असं करतंय? इतके दिवस सारखं म्हणतंय, पोचले बाबा, पोचले बाबा. कुठे पोचली? माझी पोर नाही पोचली गं. रस्त्यात पडून राहिली ती, आणि हे इथे कुणालाही न विचारता, पोचले बाबा, पोचले बाबा... बंद कर ते. मला नाही बघवत. ओढ ती वायर.

मैत्रीण : ओढते.

बाबा : थांब.

मैत्रीण : थांबले.

बाबा : मधेच वायर ओढली तर काय होईल?

मैत्रीण : जे चाललंय ते तिथेच तुटेल. अर्ध्या जागेत उत्तर, अर्ध्यात प्रश्न.

बाबा : तसं नको. प्रश्न नको ठेवूस मागे.

मैत्रीण : दुसरी पद्धत आहे. इथून थांबायला सांगितलं तर ती चालू फेरी पूर्ण करते, मगच थांबते. तिनेच तसं लिहिलंय. अर्धवट सोडायचं नाही तिला कधी आवडायचं.

बाबा : तसं कर. थांब, मी करू?

मैत्रीण : या. हे मोठं बटण दिसतंय? बोट ठेवा. एकदाच दाबायचं.

बाबा : माझ्या हाताला रंग आहे. खराब होईल.

मैत्रीण : होऊ दे.

बाबा : दाबलं.

मैत्रीण : थांबली. फेरी पूर्ण करून थांबली.

बाबा : शेवटपर्यंत आलं?

मैत्रीण : आलं. शेवटच्या जागेत पण 'पोचले बाबा'च आहे. एकही प्रश्न राहिलेला नाही.

बाबा : आता वायर काढ.

(पंखा हळूहळू थांबतो.)

मैत्रीण : किती शांत वाटतंय. इतके दिवस तो आवाज कानात होता.

बाबा : ते खोकं दे इकडे. चपला, स्वेटर, मग. चिठ्ठी पण काढून दे, फ्रीजवर लावतो. ब्रश तू ठेव.

मैत्रीण : मी? नको काका, तुमचा हात बसलाय त्याच्यावर.

बाबा : ठेव म्हणतो ना. बोर्डावर धूळ बसेल, कुणी झटकायची? धुतलास तर कागदात गुंडाळून ठेव, केस सरळ राहतात.

मैत्रीण : माहीत आहे. पाठ आहे मला.

बाबा : आईला तिच्या सांगतो, पोरीचं बरोबर निघालं म्हणून. काय सांगायचं, कसं सांगायचं, बघतो जाता जाता. तू कशी जातेस गं घरी?

मैत्रीण : स्कूटरवर.

बाबा : लांब आहे?

मैत्रीण : आहे थोडं. पण सावकाश जाते मी. पोचले की फोन करेन तुम्हाला, काका.

बाबा : तू नको करूस. मीच करणार.

मैत्रीण : बरं.

बाबा : रोज करणार. चिडशील.

मैत्रीण : नाही चिडणार.

बाबा : चीड हवं तर. मी विचारायचं थांबणार नाही आता.